ऑर्फा रेबर आणि पाकोळ्यांचं घर

आमच्या अंगणात पहाटे कुणी घशात पाणी धरून गुळण्या केल्यासारखा आवाज काढत असेल, तर घाबरायचं कारण नाही. ती माझी नणंद ऑर्फा असते. अंगावर शाल, पायात भावाचे रबरी बूट, मान वर आणि तोंडातून पाकोळी पाखराचं गाणं. टेकडीपलीकडचे इंग्लिश लोक, म्हणजे आमच्या पंथाबाहेरचे, पाकोळ्यांना बोलवायला यंत्रावर गाणं लावून ठेवतात म्हणे. आम्हा आमिश लोकांच्या घरात वीज नाही, तसलं यंत्रही नाही. ऑर्फा म्हणाली, "गळा तर आहे ना?" आणि लागली. पहिल्या वर्षी दूध न्यायला येणारा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "ड्रुसिला, तिची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तब्येत ठणठणीत आहे. डोक्याचं मी काही सांगत नाही."

ऑर्फाचं लग्न झालं नाही. दोघेजण विचारायला आले होते. एकाला ती म्हणाली, तू घोड्याला मारतोस. दुसरा घोड्याला मारत नव्हता, पण तो जेवताना बोलायचा. त्यानंतर कुणी आलं नाही आणि तिने वाटही पाहिली नाही. खोऱ्यातल्या एका खोलीच्या शाळेत ती जन्मभर शिकवत राहिली. आमच्या चर्चमधली अर्धी माणसं तिच्या हाताखालून गेलेली आहेत. आमचा बिशप मोझ एवढा पांढऱ्या दाढीचा माणूस, पण ऑर्फा समोर आली की अजून नकळत स्वतःची नखं बघतो.

आमच्या घरामागे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेलं छोटं घर आहे. तिथे ती माझ्या सासऱ्यांना सांभाळायची आणि ते गेल्यावर तिथेच राहिली. या घराच्या अंगणात खांबावर पाकोळ्यांचं घर आहे. पांढरं, दुमजली, सोळा खोल्यांचं, प्रत्येक खोलीला गोल दार आणि पुढे बोटभर सज्जा. सासऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने केलं होतं. दोरी आणि कप्पी लावलेली, म्हणजे घर खाली उतरवून साफ करता येतं. जांभळ्या पाकोळ्या आमच्याकडे झाडाच्या ढोलीत राहणं कधीच विसरल्या. माणसाने घर टांगलं तर राहतील, नाहीतर पुढे जातील. हिवाळ्यात त्या दूर दक्षिणेला असतात आणि एप्रिलात परत येतात. कुणाच्या अंगणात पहिली पाकोळी उतरली, हे आमच्यात रविवारी चर्चनंतर पुरुषमंडळी एकमेकांना अशा तोऱ्यात सांगतात की जणू तिचं अंडं त्यांनीच घातलं होतं.

सासऱ्यांच्या वेळी सोळाच्या सोळा खोल्या भरलेल्या असायच्या. मी लग्न करून आले तेव्हा त्या कलकलाटाने मला पहिला महिनाभर झोप नव्हती. मग सासऱ्यांच्या शेवटच्या वसंतात घात झाला. मे महिन्यात थंडी आणि पाऊस एकदम आले आणि हटायला तयार होईनात. तशा हवेत किडे उडत नाहीत, आणि उडता किडा मिळाला नाही तर पाकोळी उपाशी मरते. एकेक पाकोळी सज्ज्यावरून खाली पडायची. ऑर्फा सकाळी टोपलीत गोळा करायची आणि कुंपणापलीकडे नेऊन पुरायची. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खिडकीतून अंगणाची ही बाजू दिसत नसे. रोज सकाळी ते विचारायचे, "आल्या का गं?" आणि ऑर्फा सांगायची, "आल्यात बाबा. सगळ्या खोल्या भरल्यात." पुढे पुढे ती पिल्लांचंसुद्धा सांगायला लागली. जूनमध्ये ते गेले.

हे तिने मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना. आमच्यात खोटं बोलणं ही लहान गोष्ट नाही. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, असंच आम्ही पोरांना शिकवतो, आणि ऑर्फाने तर तेच आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. ती म्हणाली, "ड्रुसिला, मी बाबांना खोटं बोलून वाटेला लावलं. आता ते परत घेता येत नाही. पण खरं तर करता येईल." म्हणजे काय, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रबरी बूट घालून पहाटे उभी राहायला लागली.

रिकाम्या घराला भाडेकरू लगेच मिळतात. पाकोळ्या मेल्या त्याच उन्हाळ्यात चिमण्यांनी घर बळकावलं. चिमण्या आमच्या मुलखातल्या नव्हेत. कोणे एके काळी कुणीतरी त्या बोटीतून आणून सोडल्या, आणि त्या बारा महिने इथेच असतात. पाकोळ्या दक्षिणेहून थकून येईपर्यंत यांनी खोल्या धरलेल्या, त्यात पेंढा, पिसं, चिंध्या, चॉकलेटचे कागद कोंबलेले. पाकोळी दारात आली की चिमणा चोचीने मारतो. अंडी फोडतो, पिल्लं मारून बाहेर फेकतो. एवढंसं पाखरू, पण पोटात किती राग.

माझा नवरा ॲटली, ऑर्फाचा धाकटा भाऊ, तिला चिडवायची एकही संधी सोडत नाही. एकदा जेवताना म्हणाला, "चिमण्या बोटीतून आल्या म्हणून त्यांच्यावर राग होय? आपले खापरपणजोबा कशातून आले?"

"आपण आलो, पण कुणाच्या घरट्यात घुसून अंडी नाही फोडली," ऑर्फा म्हणाली.

"ते इथे आधी राहणाऱ्यांना विचार."

ऑर्फाने ताटातला बटाटा चिरायला घेतला आणि बराच वेळ चिरत बसली. शेवटी म्हणाली, "तू कमी बोल आणि ती कप्पी दुरुस्त करून दे." त्याने दुसऱ्या दिवशी करून दिली.

पहिल्या वर्षी तिने चिमण्यांची घरटी अंड्यांसकट काढून फेकली. त्याचा परिणाम वाईट झाला. घर मोडलेला चिमणा सुडाने पेटतो. त्याने कुंपणावरच्या खोक्यातली नीलपक्ष्याची चार पिल्लं टोचून टोचून मारली. ऑर्फा दोन दिवस धड जेवली नाही. मग कुणाकडून तरी तिला कळलं की अंडी फेकायचीच नाहीत. अंड्याला तेल चोळायचं आणि परत ठेवून द्यायचं. चिमणीला काही कळत नाही, ती आपली उबवत बसते. चिमणा घर राखत बसतो. कुणाच्या वाटेला जात नाही, आणि अंड्यातून काही निघत नाही.

"आपण कुणाला फसवत नाही म्हणतो ना?" ॲटली म्हणाला. "मग हे काय?"

"मी चिमणीला काही बोलले का? मी अंड्याला तेल लावलं."

"ती बिचारी आशेने बसली असेल."

"तिला बसायला आवडतं. तुला नाही का आवडत?"

बंदुकीने उडवून टाक, असं इंग्लिश शेजारी म्हणायचा. ऑर्फाने नाही म्हणून मान हलवली. आम्ही माणसावर हात उगारत नाही, युद्धावर जात नाही. पाखराबद्दल तसा काही नियम नाही, कोंबड्या तर आम्ही रोज कापतो. पण ऑर्फाला चिमणीची मान मुरगळणं जमलं नाही. एकदा हातात धरली आणि तिचं काळीज बोटांवर धडधडलं, तशी सोडून दिली. तेव्हापासून फक्त तेलाची वाटी.

यातला एक चिमणा फार आगाऊ होता. छातीवर काळा पट्टा, चालणं ऐटीचं. प्रत्येक खोलीच्या दाराशी जायचा, आत डोकं घालून बघायचा आणि पुढच्या दाराशी. ऑर्फाने त्याचं नाव डीकन ठेवलं. आमच्या चर्चमध्ये कुणाचं काही चुकलं, टोपीची कड जास्त रुंद झाली की बग्गीला नको तो दिवा लागला, की घरी येऊन विचारणारा माणूस म्हणजे डीकन. खरा डीकन युरा हा भला माणूस आहे, पण ऐटीत चालतो हे मात्र खरं.

एवढ्या वर्षांत पाकोळ्या वरून जायच्या, घिरट्या घालायच्या, पण उतरायच्या नाहीत. लोक हसायचे. हसण्यात मी पण होते, खोटं कशाला सांगू. आणि मग यंदा, सफरचंदाला फुलं असताना, ऑर्फा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तेलाची वाटी तशीच. मला वाटलं कुणी गेलं की काय.

"ड्रुसिला, बाहेर ये. हळू ये. दार आपटू नकोस."

एक जोडी आली होती. नर अजून पोरगेला, पुरता जांभळा न झालेला, गळ्याखाली ठिपके ठिपके. मादी त्याच्यापेक्षा शहाणी दिसत होती. तिने सगळ्या खोल्या पाहिल्या आणि वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची पसंत केली. डीकन खालच्या मजल्यावर तेल लावलेली अंडी राखण्यात गुंतलेला होता, म्हणून निभावलं. पाकोळ्यांनी चिखल आणला, काड्या आणल्या. जूनच्या सुरुवातीला ऑर्फाने घर अलगद उतरवून आत पाहिलं. पाच अंडी, पांढरीशुभ्र. चिमणीच्या अंड्यावर तपकिरी ठिपके असतात, यांवर एकही नाही. माझ्या नणंदेच्या डोळ्यांत मी आयुष्यात दोनदा पाणी पाहिलंय. त्यातलं ते एक.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं त्याच आठवड्यात आमच्या घरी चर्चची पाळी होती. आमच्यात चर्चची इमारत नसते. दर पंधरा दिवसांनी एका घरी जमायचं. बाकांची गाडी एका घराहून दुसऱ्या घरी जाते. दोनशे माणसं, त्यांच्या बग्ग्या, घोडे, पोरं. आणि पाळी आली की घर असं धुऊन काढायचं की जणू आजवर कुणी त्यात राहिलंच नाही. गोठ्याच्या खिडक्या, शेडचे वासे, कुंपणाच्या पट्ट्या, सगळं.

ऑर्फा भावाला म्हणाली, "आपली पाळी शरदात नाही का घेता येणार?"

ॲटलीने कप खाली ठेवला. "मोझला काय सांगू? पाखरू अंड्यावर बसलंय, देवाला जरा थांबायला सांगा?"

"देवाने थांबायला हरकत घेतली नसती," ऑर्फा म्हणाली, पण हळू. शेवटी बग्ग्या आणि घोडे पलीकडच्या कुरणात ठेवायचे, खांबाजवळ कुणी जायचं नाही, यावर मिटलं.

साफसफाईला मोठी नणंद सलोमा पेनसिल्व्हेनियाहून आली. सलोमा विधवा, मुलं आपापल्या संसारात. तिने झाडलेल्या अंगणात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते. चार दिवसांत तिने माझ्या घरातली अशी अशी धूळ शोधून काढली की मला माझ्याच घराची ओळख पटेना. धाकट्या बहिणीवर तिचा जीव आहे, पण तो ती रागावून दाखवते. "ऑर्फा, या वयात पहाटे दवात उभी राहतेस. हाडं गेली म्हणजे कोण बघणार? पाखरं?"

"तू येशीलच की साफसफाईला."

शनिवारी सकाळी ऑर्फा ॲटलीबरोबर कॉफीची मोठी पातेली आणि चीज आणायला शेजारच्या चर्चविभागात गेली. मी शेडमध्ये बाकं पुसत होते. दुपारी सगळे जेवायला बसलो. मूक प्रार्थना झाली, पाव फिरला, आणि सलोमा बाह्या खाली ओढत समाधानाने म्हणाली, "ऑर्फा, तुझं ते पाखरांचं घरसुद्धा उतरवून धुऊन काढलं. काय ती घाण! चिंध्या, पिसं, वर तर नुसता चिखल, हात घालून न बघता ओढून काढला. उद्या दोनशे माणसं मान वर करून बघणार. साबणाने घासलंय. आता कसं लखलखीत दिसतंय."

ॲटलीचा हात लोणच्याच्या बरणीवर तसाच राहिला. मी सलोमाकडे बघत होते आणि तिला डोळ्यांनी खुणावायला आता काही उरलं नव्हतं.

"सगळ्या खोल्या?" ऑर्फाने विचारलं.

"अर्धवट काम मी कधी केलंय?"

ऑर्फा उठली. खुर्ची तिने नीट आत सारली. गोठ्यामागे जाळायच्या कचऱ्याचा ढीग होता, तिथे ती गेली आणि गुडघ्यांवर बसली. मी मागून धावले. ॲटलीने जेवणानंतर ढीग पेटवायचा ठरवला होता, तेवढंच दैव. जुन्या पेंढ्यात वरच ते घरटं पडलेलं होतं, मोडलेल्या विटेसारखं. दोन अंडी फुटली होती. तीन शाबूत होती, गार.

"अजून नीट बसायला लागली नव्हती ती," ऑर्फा म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. "ताजी अंडी दिवसभर गार राहिली तरी तग धरतात. धरतात म्हणे."

तिने तुकडे जमवले, एप्रनमध्ये घेतले, घर उतरवलं आणि त्याच खोलीत चिखलाचे तुकडे रचून त्यावर तीन अंडी ठेवली. साबणाचा वास अजून येत होता. तिने खोलीला आतून माती चोळली. सलोमा स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिला कळलं होतं, पण कळूनही तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"एवढं काय त्यात? मला कुणी सांगितलं होतं? चुकलं माझं. पण शेवटी दोन पाखरंच ना!"

"माफ केलं," ऑर्फा म्हणाली. आमच्यात ते म्हणावंच लागतं आणि ती म्हणाली. पण आवाज असा की सलोमा आत गेली आणि धुतलेल्या बशा परत धुवायला लागली.

मोठी अडचण पुढे होती. सलोमाने डीकनचंही घरटं फेकलं होतं. इतके आठवडे तेल लावलेल्या अंड्यांपाशी गुंतून पडलेला तो आता मोकळा झाला होता आणि चिडलेला होता. संध्याकाळपर्यंत तो वरच्या मजल्यावर पूर्वेच्या दाराशी काडी घेऊन हजर. पाकोळ्या विहिरीचं पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीवर बसून खाली बघत होत्या, उतरायचा धीर होत नव्हता. ऑर्फाने अंधार पडेपर्यंत टाळ्या वाजवून त्याला हाकललं.

रविवारी सकाळी बग्ग्या आल्या. पुरुष एका बाजूच्या बाकांवर, बायका समोरच्या. शेडची मोठी दारं उघडी होती, ऑर्फा दाराजवळच्या बाकावर, तिथून खांब दिसतो. पहिली स्तोत्रं झाली. आमची स्तोत्रं संथ; एक सुरू केलं की लोणी वितळेपर्यंत चालतं. पहिलं प्रवचन झालं. मोझ दुसऱ्याला उभा राहिला. ऑर्फा मांडीवर हात ठेवून बसली होती, पण तिची नजर प्रवचनात नव्हती. मी तिच्या मागेच होते. तिच्या खांद्यावरून मलाही बाहेर काय चाललंय ते दिसत होतं.

मादी उतरली. सज्ज्यावर बसली. डीकन वरून तिच्यावर पडला, दोघं गुंतून खालच्या मजल्यापर्यंत आली. पोरगेला नर नुसताच आरडत घिरट्या घालत होता. डीकन सुटला आणि सरळ दारातून आत गेला. आत अंडी होती.

आणि ऑर्फा उठली. प्रवचन चालू असताना. तिच्याच एका विद्यार्थ्याच्या प्रवचनात. आजवर तिने कुणाला खोकूही दिलं नव्हतं. ती दारातून बाहेर गेली, आणि वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात ओरडली, "डीकन! नीघ बाहेर! लाज नाही वाटत दुसऱ्याच्या घरात शिरायला?"

मोझ वाक्याच्या मध्ये थांबला. पुरुषांच्या बाजूला युरा डीकन ताठ झाला आणि त्याचा चेहरा बीटाच्या लोणच्यासारखा लाल. पोरांनी हसू दाबलं. ॲटलीने टोपी चेहऱ्यासमोर धरली. तो प्रार्थना करत नव्हता हे मला नक्की माहीत आहे. मोझने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या नखांकडे, आणि प्रवचन पुढे सुरू केलं.

मग माझ्या शेजारी खुडबुड झाली. सलोमा उठत होती. सलोमा, जिच्या आयुष्यात चर्चच्या बाकावरून प्रवचन संपायच्या आधी उठण्याएवढं मोठं पाप झालं नव्हतं. ती गेली. यजमानीण म्हणून कॉफी बघायला मला दुसऱ्या प्रवचनात बाहेर जाता येतं, तशी मीही गेले.

दोघी खांबाखाली उभ्या होत्या. डीकन बाहेर निघून छपरावर बसला होता. सलोमाने एप्रन सोडून हातात घेतला होता आणि ती तो वर झटकत होती, गालिचा झटकावा तशी. ऑर्फाने दोरी धरून ठेवली होती, पण घर उतरवायला धजत नव्हती.

"एवढ्या लोकांत उठून आलीस," सलोमा म्हणाली, झटकणं न थांबवता. "दोन पाखरांसाठी."

"पाखरांसाठी नाही," ऑर्फा म्हणाली. आणि मग ते तिच्याकडून बाहेर पडलंच. "मी बाबांना खोटं सांगितलं होतं. शेवटच्या वसंतात. सगळ्या मेल्या होत्या. रोज विचारायचे आणि रोज मी सांगायचे, आल्यात. पिल्लं आहेत. सलोमा, मी खोटं सांगून त्यांना पाठवलं. ते मला खरं करायचं होतं. आणि तू काल साबण घेऊन..."

सलोमाचा हात खाली आला.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बाबांना. मी शेवटचं भेटायला आले होते तेव्हाची गोष्ट. तू पाणी तापवायला गेली होतीस. मला म्हणाले, ऑर्फा रोज सांगते पाकोळ्या आल्या. खिडकी दिवसभर उघडी असते, मला एक आवाज ऐकू येत नाही. सगळ्या गेल्या असणार. पण तिला काही बोलू नकोस, सलोमा. सांगताना तिचा चेहरा बरा दिसतो, म्हणून मी विचारत असतो."

शेडमध्ये प्रवचन चालूच होतं. ऑर्फा दोरी धरून तशीच उभी होती. मला वाटलं ती रडणार, पण ती संतापली.

"आणि हे तू मला आज सांगतेस? इतकी वर्षं पोटात ठेवून?"

"तू कधी विचारलंस? त्यांनी सांगू नको म्हटलं, मी नाही सांगितलं. मला काय माहीत तू त्यासाठी पहाटे दवात उभी राहतेस! मला वाटलं, तुला पाखरं आवडतात."

ऑर्फाने दोरीचा वेढा मनगटाला घट्ट घेतला. गालावरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं नाही, हातात दोरी होती.

"आवडतात," ती म्हणाली.

तेवढ्यात मादी पवनचक्कीवरून सुटली. डीकन छपराच्या कडेला सरकला आणि सलोमाने एप्रन असा झटकला की तो कुंपणापलीकडे उडाला. मादी सज्ज्यावर टेकली, दारात थांबली, आत गेली. आम्ही तिघी माना वर करून बघत होतो. त्या तीन अंड्यांतली दोन पुढे निघाली आणि जुलैच्या शेवटी पिल्लं उडालीसुद्धा. पण त्या क्षणी आम्हाला एवढंच दिसत होतं की ती आत गेली आणि बाहेर आली नाही.

शेडमध्ये प्रवचन संपून शेवटचं स्तोत्र सुरू झालं होतं. सलोमाने एप्रन झटकून सरळ केला.

"झालं आता. बाबांना ठाऊक होतं, तुझं ओझं उतरलं. आत चल, लोक बघताहेत."

"तू जा," ऑर्फा म्हणाली. "मी थांबते. तो चिमणा परत येईल."

"आता कुणासाठी थांबतेस?"

ऑर्फाने वर, पूर्वेच्या दाराकडे पाहिलं.

"आता पाकोळ्यांसाठी," ती म्हणाली.

सलोमाने एप्रन बांधला नाही, पुन्हा हातात घेतला, आणि मला म्हणाली, "ड्रुसिला, तू कॉफीचं बघ. आम्ही आहोत इथे."